अनाहूत ई-मेल (स्पॅम)

प्राप्तकर्त्याने न मागवलेले व एकाच वेळी असंख्य व्यक्तींकडे धाडलेले ई-मेल संदेश. ‘स्पॅम’ हे मूळचे अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये विक्रीस आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश नटसंचाच्या १९७० मधील एका प्रहसनात या शब्दाच्या अखंड घोषात इतर संभाषण बुडून जाते. त्यावरून प्रस्तुत अर्थ रूढ झाला.

कागदी टपालाचा खर्च प्रेषक सोसतो. ई-मेलमध्ये मात्र जादा प्रतींचा खर्च नगण्य असून साठवण व निवड यांचा भार प्राप्तकर्त्यावर आणि त्याच्या सेवादात्यावर पडतो. या विषमतेत उपद्रवाचे मूळ आहे. नको असलेले संदेश निवडून नाकारण्याची सोय ‘आर्पानेट’ या संगणक-जाळ्यात नाही, हे जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्येच दाखवून दिले होते. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री-अधिकारी गॅरी थुअर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण या जाळ्यावरील सु. ४०० जणांना पाठवले. हे अशा संदेशाचे पहिले ज्ञात उदाहरण होय. १९८२ च्या ई-मेल संकेतप्रणालीतही प्रेषकाने दिलेला पत्ता पडताळण्याची तरतूद नव्हती. त्यामुळे खोट्या नावाने संदेश धाडणे सुकर झाले.

प्रतिबंधाचे उपाय प्रथम तंत्रज्ञांनी योजले. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ च्या सुमारास उपद्रवी संगणकांची काळी यादी प्रसृत केली. शब्दांच्या संभाव्यतेवरून संदेश चाळण्याची, बेझ यांच्या प्रमेयावर आधारलेली पद्धत पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ मधील लेखामुळे लोकप्रिय झाली.

कायद्याची वाट अधिक बिकट ठरली. यूरोपीय संघाने २००२ मध्ये जाहिरातींच्या ई-मेलसाठी सामान्यतः पूर्वसंमती आवश्यक मानली. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने खोट्या शीर्षकांस मनाई करून नकार कळवण्याची सोय बंधनकारक केली. व्हर्जिनिया राज्याचा याविषयीचा कायदा मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द ठरवला. निनावी राजकीय व धार्मिक अभिव्यक्तीही त्याच्या कक्षेत येत होती. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ (२००९ पासून लागू) त्रासदायक वा उगमाविषयी दिशाभूल करणाऱ्या ई-मेललाही लागू होते. मात्र नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींच्या फेसबुकवरील मजकुरावरून झालेल्या अटकेनंतर त्यास आव्हान देण्यात आले. ‘त्रास’ यांसारख्या संदिग्ध शब्दांमुळे निरुपद्रवी मतप्रदर्शनही गुन्हा ठरू शकते, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीविरुद्धचे कलम ६६ ड कायम राहिले.

पुढे मजकुराच्या उपद्रवापेक्षा प्रेषकाच्या ओळखीवर भर देण्याच्या मार्गाचे महत्त्व वाढले. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने ई-मेल धाडणाऱ्यांना आपली ओळख तांत्रिक रीतीने प्रमाणित करणे सक्तीचे केले. १९८२ मध्ये राहिलेली उणीव अशा रीतीने सु. चार दशकांनी अंशतः भरून निघाली.