ढोलकीच्या थापेला कोणता माइक?

भाऊबीज उलटली की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. गोंदियाच्या वेशीवरचे फुलचूर घ्या की थेट गडचिरोलीकडचे एखादे खेडे, हा सारा धानाचा मुलूख दंडार आणि नाटकांच्या नादात रात्री जागवतो. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मात्र हे संगीत टिपायला जावे, तर हाती बहुधा चरचराट येतो. छोटा मांडव, हातभर अंतरावर ढोलकी, बाजूला कर्णे! माइक जितका संवेदनशील तितका चांगला, असे आपण धरून चालतो. मायक्रोफोनचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीसाठी मुद्रित केले, तेव्हा माइक नव्हताच. गायिका कर्ण्यात गात असे आणि केवळ आवाजाच्या जोरावर पडदा हलून सुई मेणावर रेघ कोरीत असे. आवाज कमी पडेल ही मुख्य चिंता. पण फार जोराचा आवाज झाला तर सुई खाच सोडून भरकटे. म्हणून दणदणीत वाद्ये मागे बसवीत. अंतराची ही युक्ती आजही उपयोगी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनिपातळी ६ डेसिबलने उतरते. बंदिस्त मांडवात मात्र परावर्तित आवाज सगळीकडे भरून राहतो, त्यामुळे फार मागे सरकून लाभ नाही.

१९१७ साली एडवर्ड वेंट यांनी कंडेन्सर माइक मांडला. ताणलेला पातळ पडदा आणि स्थिर पाटी यांच्यामधले अंतर बदलले की विद्युत धारिता बदलते, हे त्याचे तत्त्व. अतिशय इमानी, तितकाच हळवा. त्याच वेंट यांनी थुरास यांच्यासह १९३१ साली दुसरा एक माइक तयार केला. पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले, ते चुंबकाच्या फटीत हलते आणि वीज निर्माण होते. फॅरेडेचा १८३१ चा प्रयोगच हा, बरोबर शंभर वर्षांनी! वर्गात गॅल्व्हानोमीटर लावून आपण तो दाखवतोच. वेटोळ्याचे वजन पडद्यावर असल्याने हा माइक थोडा जड अंगाचा. शुअर कंपनीचे १९६५ चे एसएम ५७ आणि १९६६ चे एसएम ५८ याच घराण्यातले. ‘एसएम’ म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. गाजले मात्र रंगमंचावर.

कारण आकड्यांत दिसते. ९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल दाब, तर १२० डेसिबल म्हणजे २० पास्कल. ढोलकीला खेटून ठेवलेल्या माइकवर एवढा दाब सहज येऊ शकतो. पास्कलला २० मिलिव्होल्ट देणारा कंडेन्सर तेव्हा ४०० मिलिव्होल्ट पुढे ढकलतो. एसएम ५७ त्या मानाने फारच थोडे. बहुतेक वेळा दोष माइकच्या पडद्याचा नसतो. पुढच्या वर्धकाला एवढे पेलत नाही आणि तो लहरीचे माथे सपाट कापतो. कापलेला भाग नंतर जसाच्या तसा परत मिळवता येत नाही. वयोवृद्ध दंडारी कलावंताच्या बाबतीत तर पुन्हा संधी मिळेलच असे नाही.

१९६२ साली वेस्ट आणि सेसलर यांनी इलेक्ट्रेट माइक शोधला आणि कंडेन्सर स्वस्त होऊन घरोघरच्या टेपरेकॉर्डरमध्ये शिरला. त्यातली आपोआप पातळी ठरवणारी सोय भाषणाला ठीक. दंडारीत प्रत्येक थापेसरशी गायकाचा आवाज बुडतो. पुष्कळ जुन्या कॅसेटी अशा बुडक्या घेत चालतात.

आमच्या मते शाळेच्या उपक्रमासाठी वेटोळ्याचा, हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा माइक घ्यावा. त्याची पाठ कर्ण्याकडे ठेवावी, कारण पाठीमागचा आवाज तो कमी घेतो. फार जवळ नेला तर खर्ज फुगतो, म्हणून गायकापासून वीतभर अंतर ठेवावे. कंडेन्सर हाताशी असल्यास तो दूर, प्रेक्षकांत उभा करावा. रेकॉर्डरवरची ती आपोआप पातळी ठरवणारी सोय आधी बंद करावी आणि सर्वांत जोराची थाप वाजवून घेऊन मगच पातळी लावावी.