स्वॅम्प थिंग

स्वॅम्प थिंग हे अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशन संस्थेच्या कॉमिक्समधील एक काल्पनिक पात्र आहे. लेखक लेन वीन आणि चित्रकार बर्नी राइटसन यांनी हे पात्र निर्माण केले. जुलै १९७१ च्या ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’ या मासिकाच्या ९२ व्या अंकात ते प्रथम अवतरले. मुळे, वेली आणि शेवाळ यांचे शरीर असलेला हा मनुष्याकृती जीव लुइझियाना राज्यातील दलदलीत वावरतो. तो सुपरमॅन व बॅटमॅन यांच्याच विश्वात राहत असला, तरी त्याच्या कथा भयकथा आणि अद्भुतकथा यांच्या मिश्रणातून घडलेल्या ‘डार्क फँटसी’ या प्रकारात मोडतात.

ब्रिटिश लेखक ॲलन मूर यांनी १९८४ ते १९८७ या काळात लिहिलेल्या अंकांमुळे या पात्राला विशेष महत्त्व प्राप्त झाले. याच काळात या मालिकेने कॉमिक्स कोड ऑथॉरिटीची मान्यता घेणे थांबवले. सुपरहिरो कॉमिक्समधून सुमारे तीन दशके दूर ठेवलेला भयाचा आशय मुख्य प्रवाहात परत येण्याच्या प्रक्रियेतील हा एक निर्णायक टप्पा मानला जातो.

पार्श्वभूमी

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत भयकथांची कॉमिक्स अत्यंत लोकप्रिय होती. ईसी कॉमिक्स या संस्थेची ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ ही मालिका त्यांत अग्रभागी होती. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या ग्रंथात बालगुन्हेगारीचा संबंध कॉमिक्सशी जोडला. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने या विषयावर जाहीर सुनावणी घेतली. सरकारी नियंत्रणाच्या भीतीने प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता तयार केली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी कॉमिक्स कोड ऑथॉरिटी स्थापन केली.

या संहितेनुसार मासिकाच्या नावात ‘हॉरर’ व ‘टेरर’ हे शब्द वापरण्यास मनाई होती. चालती प्रेते, रक्तपिपासू पिशाच्चे, नरभक्षण आणि नरलांडगे दाखवण्यावर बंदी होती. प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा विजय होणे आवश्यक होते. ही संहिता कायदा नव्हती. परंतु मुखपृष्ठावर तिचा शिक्का नसलेले अंक घाऊक वितरक स्वीकारत नसत. त्यामुळे ती प्रत्यक्षात बंधनकारक ठरली आणि भयकथांची बहुतेक मासिके बंद पडली. पुढील वर्षांत सुपरहिरो हाच अमेरिकन कॉमिक्सचा प्रमुख प्रकार बनला.

१९७१ मध्ये संहिता शिथिल करण्यात आली. ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइन यांसारख्या अभिजात साहित्यकृतींच्या परंपरेला धरून असतील, तर पिशाच्चे व नरलांडगे दाखवण्यास परवानगी मिळाली. त्यानंतर मार्व्हल कॉमिक्सची ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ ही मालिका १९७२ मध्ये सुरू झाली. घोस्ट रायडर आणि जॅक कर्बी यांनी डीसीसाठी निर्माण केलेला इट्रिगन हा राक्षस ही पात्रेही त्याच वर्षी आली. स्वॅम्प थिंगचा जन्म याच बदलाच्या काळातला आहे.

निर्मिती आणि पहिली मालिका

‘हाउस ऑफ सीक्रेट्स’मधील मूळ कथा स्वतंत्र व अवघ्या काही पानांची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी घडणाऱ्या या कथेत ॲलेक्स ओल्सेन या शास्त्रज्ञाला त्याचा सहकारी कपटाने मारतो आणि दलदलीत पुरतो. ओल्सेन वनस्पतिरूपाने परत येतो, पत्नीचा जीव वाचवतो. परंतु आपण कोण आहोत हे तिला सांगण्यासाठी त्याच्याजवळ वाणी उरलेली नसते.

या कथेला मिळालेल्या प्रतिसादामुळे १९७२ मध्ये ‘स्वॅम्प थिंग’ ही स्वतंत्र मालिका सुरू झाली. तिच्यासाठी कथानक वर्तमानकाळात आणण्यात आले आणि नायकाचे नाव ॲलेक हॉलंड असे ठेवण्यात आले. हॉलंड आपल्या पत्नीसह वनस्पतींची वाढ घडवणाऱ्या एका रसायनावर संशोधन करत असतो. प्रयोगशाळेत घडवून आणलेल्या स्फोटात पेटलेला हॉलंड दलदलीत झेप घेतो आणि कालांतराने तेथून स्वॅम्प थिंग बाहेर येतो. अँटन आर्केन हा खलनायक आणि त्याची पुतणी ॲबिगेल (ॲबी) ही पात्रे याच मालिकेत प्रथम आली. राइटसन यांनी पहिले १० अंक चित्रित केले, तर वीन यांनी १३ अंक लिहिले. १९७६ मध्ये २४ व्या अंकानंतर ही मालिका बंद पडली.

या टप्प्यावरील स्वॅम्प थिंग हा मूलतः शोकात्म नायक होता. पुन्हा माणूस होणे हे त्याचे एकमेव ध्येय होते आणि मालिकेचे सर्व कथानक त्याभोवती फिरत असे. ध्येय साध्य झाले तर मालिका संपणार आणि न झाले तर त्याच प्रयत्नांची पुनरावृत्ती होणार, ही या रचनेतील मूलभूत अडचण होती.

ॲलन मूर यांचे लेखन

दिग्दर्शक वेस क्रेव्हन यांचा ‘स्वॅम्प थिंग’ हा चित्रपट १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी डीसीने ‘द सागा ऑफ द स्वॅम्प थिंग’ ही नवी मालिका सुरू केली. तिचे प्रारंभीचे लेखक मार्टिन पॅस्को होते. २० व्या अंकापासून लेखनाची जबाबदारी इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टन येथे राहणाऱ्या मूर यांच्याकडे आली. चित्रे स्टीव्हन बिसेट यांची, शाईकाम जॉन टोटलबेन यांचे आणि रंगकाम तात्याना वुड यांचे होते. संपादन प्रथम स्वतः वीन यांच्याकडे आणि नंतर कॅरन बर्गर यांच्याकडे होते.

‘द ॲनाटॉमी लेसन’

फेब्रुवारी १९८४ चा २१ वा अंक ‘द ॲनाटॉमी लेसन’ या नावाने ओळखला जातो. या कथेत स्वॅम्प थिंगचे निष्प्राण वाटणारे शरीर एका बलाढ्य उद्योगसमूहाच्या हाती लागते. त्याच्या विच्छेदनाचे काम जेसन वुडरू या वनस्पतितज्ज्ञ खलनायकाकडे सोपवले जाते. वुडरूला शरीरात फुप्फुसे, मेंदू व इतर अवयव आढळतात. पण ते केवळ अवयवांच्या आकाराचे वनस्पतिजन्य गोळे असतात. फुप्फुसे श्वास घेऊ शकत नाहीत आणि मेंदू विचार करू शकत नाही.

या कोड्याचे उत्तर कथेत चपटकृमींवरील प्रयोगाच्या आधारे दिले आहे. भूलभुलैयातून वाट काढण्यास शिकवलेल्या कृमींचे तुकडे दुसऱ्या कृमींना खाऊ घातले असता त्यांनाही ती वाट ठाऊक होते, असा त्या प्रयोगाचा दावा आहे. अशा प्रकारचे प्रयोग अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स मॅककॉनेल यांनी प्रत्यक्षात केले होते; मात्र त्यांचे निष्कर्ष पुढे शास्त्रजगतात सर्वमान्य झाले नाहीत. वुडरूचा निष्कर्ष असा की, ॲलेक हॉलंड स्फोटाच्या रात्रीच मेला. दलदलीतील वनस्पतींनी त्याचे शरीर शोषून घेतले आणि त्याच्या स्मृती त्यांच्यात उतरल्या. म्हणजेच स्वॅम्प थिंग हा वनस्पती झालेला माणूस नसून, स्वतःला माणूस समजणारी वनस्पती आहे.

या एका उलथापालथीने मालिकेची जुनी अडचण दूर झाली. जो कधी माणूस नव्हताच त्याला पुन्हा माणूस होण्याची आशा राहिली नाही; त्याऐवजी आपण कोण आहोत, हा प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी आला. २८ व्या अंकात स्वॅम्प थिंग हॉलंडचा अस्थिपंजर दलदलीतून शोधून काढतो आणि त्याचे दफन करतो.

संहितेचा त्याग

ऑक्टोबर १९८४ च्या २९ व्या अंकात आर्केनचा आत्मा ॲबीच्या पतीच्या देहाचा ताबा घेतो. जिवंत झालेली प्रेते आणि आप्तसंबंधातील लैंगिक अत्याचाराचे सूचन असलेला हा अंक संहितेच्या परीक्षकांनी मान्य केला नाही. डीसीने कथेत बदल करण्याऐवजी तो शिक्क्याविना प्रसिद्ध केला. ३१ व्या अंकापासून शिक्का कायमचा वगळण्यात आला.

हे शक्य होण्यामागे वितरण व्यवस्थेतील बदल हे महत्त्वाचे कारण होते. १९८० च्या दशकापर्यंत केवळ कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांचे जाळे अमेरिकेत उभे राहिले होते. ही दुकाने अंक थेट मागवत आणि त्यांचे ग्राहक प्रामुख्याने मोठ्या वयाचे असत. त्यांना शिक्क्याची गरज नव्हती. ‘स्वॅम्प थिंग’ मात्र सामान्य वृत्तपत्रविक्रेत्यांकडेही मिळणारी मालिका होती. म्हणून तिचा निर्णय इतर प्रकाशनांच्या दृष्टीनेही लक्षणीय ठरला.

‘अमेरिकन गॉथिक’

३७ ते ५० या अंकांतील कथानक ‘अमेरिकन गॉथिक’ या नावाने प्रसिद्ध आहे. जून १९८५ च्या ३७ व्या अंकात जॉन कॉन्स्टंटाइन हा धूर्त मांत्रिक येतो. त्याचा चेहरा ब्रिटिश गायक स्टिंग यांच्यावरून रेखाटला होता. कॉन्स्टंटाइन स्वॅम्प थिंगला अमेरिकेच्या विविध भागांत पाठवतो. तेथे त्याला भयकथेतील रूढ भुतेखेते भेटतात. पण प्रत्येक भूत समाजातील एखाद्या जुन्या जखमेशी जोडलेले असते. दक्षिणेतील जुन्या मळ्यावर गुलामगिरीत मेलेली माणसे कबरीतून उठतात. नरलांडग्याची कथा घरात कोंडलेल्या स्त्रीच्या संतापाची कथा होते. बंदुकांच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या वाड्यात गोळ्यांना बळी पडलेल्यांचे आत्मे फिरतात.

ब्राझीलच्या अरण्यात स्वॅम्प थिंगची गाठ पूर्वीच्या वनस्पतिजीवांच्या सभेशी, म्हणजे ‘पार्लमेंट ऑफ ट्रीज’शी पडते. ५० व्या अंकात आदिम अंधार सृष्टीवर चाल करून येतो आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला दुष्टतेचे प्रयोजन विचारतो. इतर पात्रे त्याच्याशी लढू पाहतात आणि पराभूत होतात. स्वॅम्प थिंग मात्र मातीचा दाखला देतो: जे कुजते त्यातूनच नवे उगवते. येथे संघर्षाचा शेवट सत्प्रवृत्तीच्या सरळ विजयाने होत नाही. १९५४ च्या संहितेला अभिप्रेत असलेल्या कथेपेक्षा हा शेवट मूलतः वेगळा होता.

सुपरहिरो विश्वाशी नाते

मूर यांनी सुपरहिरोंना कथेतून वगळले नाही, तर त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. २४ व्या अंकात वुडरू वनस्पतींकरवी हवेतील प्राणवायू वाढवून प्राणिसृष्टी नष्ट करू पाहतो. अंतराळातील तळावरून हे पाहणाऱ्या जस्टिस लीगच्या नायकांना उपाय सापडत नाही. स्वॅम्प थिंग बळाचा नव्हे, तर युक्तिवादाचा आधार घेतो: प्राणीच उरले नाहीत तर वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड कोठून मिळणार?

१९८५ मधील दुसऱ्या वार्षिक अंकात स्वॅम्प थिंग ॲबीचा आत्मा परत आणण्यासाठी मृत्युलोकात उतरतो. डेडमॅन, फँटम स्ट्रेंजर, स्पेक्टर आणि इट्रिगन ही डीसीची जुनी पात्रे त्याला टप्प्याटप्प्याने वाट दाखवतात. या रचनेचे दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’शी साम्य आहे. ५३ व्या अंकात ॲबीला सोडवण्यासाठी स्वॅम्प थिंग संपूर्ण गॉथम शहर जंगलाने झाकून टाकतो. त्याला रोखण्यात अपयशी ठरलेला बॅटमॅन शेवटी नगराध्यक्षालाच सुनावतो: अमानवी जिवावर प्रेम करणे हा गुन्हा ठरवायचा असेल, तर अनेक सुपरहिरोंच्या प्रिय व्यक्तींनाही अटक करावी लागेल.

१९८५ च्या जॅक कर्बी पुरस्कारांत ‘स्वॅम्प थिंग’ला सर्वोत्तम नियमित मालिकेचा, तर वरील वार्षिक अंकाला सर्वोत्तम अंकाचा पुरस्कार मिळाला. मूर यांनी सप्टेंबर १९८७ च्या ६४ व्या अंकानंतर लेखन थांबवले.

नंतरचा काळ

मूर यांच्यानंतर रिक वीच यांनी लेखन हाती घेतले. त्यांच्या कथेत स्वॅम्प थिंग काळात मागे मागे जातो. ८८ व्या अंकात त्याची येशू ख्रिस्ताशी भेट होणार होती. डीसीने १९८९ मध्ये हा अंक ऐनवेळी रोखला आणि वीच यांनी मालिका सोडली. संहितेचा शिक्का गेला असला, तरी प्रकाशकाच्या स्वतःच्या मर्यादा कायम होत्या, हे या घटनेतून स्पष्ट झाले. ही मालिका १९९६ मध्ये १७१ व्या अंकाने संपली.

त्यानंतर हे पात्र अनेकदा नव्याने मांडले गेले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘द स्वॅम्प थिंग’ या मालिकेचे लेखन मूळचे मुंबईचे असलेले लेखक राम व्ही यांनी, तर चित्रांकन माइक पर्किन्स यांनी केले. १६ अंकांच्या या मालिकेत स्वॅम्प थिंगचे रूप लेव्ही कामेई या भारतीय तरुणाला प्राप्त होते आणि कथेचा काही भाग आसाममधील काझीरंगा परिसराशी निगडित आहे.

प्रभाव

कॉन्स्टंटाइनला १९८८ मध्ये ‘हेलब्लेझर’ ही स्वतंत्र मालिका मिळाली. ती २०१३ पर्यंत ३०० अंक चालली. नील गेमन यांची ‘द सँडमॅन’ ही मालिकाही बर्गर यांच्याच संपादनाखाली सुरू झाली. तिच्या एका अंकाला १९९१ मध्ये लघुकथेचा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. अशा मालिकांसाठी डीसीने १९९३ मध्ये ‘व्हर्टिगो’ ही स्वतंत्र शाखा स्थापन केली आणि तिचे नेतृत्व बर्गर यांच्याकडे दिले. मार्व्हलने २००१ मध्ये, तर डीसीने २०११ मध्ये कॉमिक्स कोडचा पूर्णतः त्याग केला.

अन्य माध्यमे

१९८२ च्या चित्रपटानंतर १९८९ मध्ये ‘द रिटर्न ऑफ स्वॅम्प थिंग’ हा चित्रपट आला. १९९० ते १९९३ या काळात दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. २०१९ मधील १० भागांची मालिका पहिला भाग प्रसारित झाल्यानंतर काही दिवसांतच रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. मात्र तिचे सर्व भाग प्रदर्शित झाले. कॉन्स्टंटाइनवरील चित्रपट २००५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात कियानू रीव्ह्ज यांनी प्रमुख भूमिका केली.