डब्यातला आमरस आणि डब्यातल्या शेवया

मार्गशीर्षातल्या लग्नात पंगतीला आमरस असला, तर आता कोणाला त्याचे नवल वाटत नाही. अकोले तालुक्यात झाडाचा पिकलेला आंबा उन्हाळ्याखेरीज दिसत नाही. पण आचाऱ्याजवळ ३.१ किलोचे रसाचे डबे असले की डिसेंबरातही वाट्या भरतात. अशा पंगतीत दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, ‘डब्यातला रस तो, त्यात काय खायचे?’ दुसरे म्हणते, ‘सांगितले नसते तर कळलेही नसते.’

यांतले खरे कोणते? आवडीनिवडीचा भाग सोडला तरी या प्रश्नाला शास्त्राच्या आधारे बरेचसे उत्तर देता येते. मात्र त्यासाठी डब्याचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहावा लागेल. सोबतीला आणखी एक पदार्थ घेऊ: शेवया. इटलीतल्या शेवया, म्हणजे स्पॅगेटीसारखे पास्त्याचे प्रकार, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये रश्श्यासकट डब्यात भरून विकले जातात. आमरस आणि शेवया, दोन्ही डब्यात गेले. पण दोघांचे नशीब सारखे निघाले नाही.

आधी कृती, मग कारण

फ्रान्समधल्या निकोला आपेर या मिठाईवाल्याने १७९५च्या सुमारास अन्न टिकवण्याचे प्रयोग सुरू केले. भाज्या, मटण, दूध असे पदार्थ तो जाड काचेच्या बाटल्यांत भरी, बूच घट्ट बसवी आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवी. असे अन्न महिनोन्‌महिने टिके. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले; अट एकच, कृती छापून सर्वांना खुली करायची. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने एकस्व घेतले. त्यात काचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचाही समावेश होता. १८१३ पर्यंत डाँकिन आणि हॉल यांच्या लंडनमधल्या कारखान्यातून असे डबे बाहेर पडू लागले.

गंमत अशी, की डबा आला तरी तो उघडायचे साधन नव्हते. छिन्नी आणि हातोडी वापरा, अशी सूचना डब्यावर असे. डबे फोडण्याची हत्यारे येईपर्यंत १८५० नंतरची वर्षे उजाडली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, अन्न का टिकते हे आपेरला ठाऊक नव्हते. गे-ल्यूसाकसारख्या रसायनशास्त्रज्ञालाही वाटले, की आतला ऑक्सिजन नाहीसा झाल्यामुळे अन्न टिकते. सूक्ष्मजीवांचा हात पाश्चरने १८६०च्या सुमारास दाखवून दिला. कृती आधी आणि कारण पन्नास वर्षांनी, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

मात्र कारण माहीत नसले की कृती कुठे फसेल तेही कळत नाही. १८५२ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने स्टीफन गोल्डनर या ठेकेदाराचे मांसाचे डबे उघडून पाहिले, तेव्हा शेकडो डबे कुजलेले निघाले. त्याचे एक कारण असे सांगितले जाते, की डबे मोठे होते आणि उष्णता मध्यापर्यंत पोचली नव्हती. बाहेरून शिजलेला आणि आतून कच्चा बटाटा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आंबटपणाची रेघ

उकळत्या पाण्याने बहुतेक जंतू मरतात, पण काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. त्यांतला सर्वांत घातक म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. बेल्जियममध्ये १८९५ साली खारवलेले मांस खाऊन काही माणसे दगावली. त्याचा शोध घेताना एमिल व्हॅन एर्मेंगेम यांना हा जंतू सापडला. हा हवेशिवाय वाढतो. म्हणजे हवाबंद डबा त्याला घरासारखाच. त्याचे विष अगदी अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते. आणि दरवेळी डबा फुगतो किंवा वास येतो असेही नाही.

याच सुमारास अमेरिकेत प्रेस्कॉट आणि अंडरवुड यांनी बिघडलेल्या डब्यांचा अभ्यास करून दाखवले, की प्रश्न किती तापमान आणि किती वेळ, या दोहोंचा मिळून आहे. पुढे त्यातून एक नियम आला. १२१ अंश सेल्सियसला या जंतूचे बीजाणू सुमारे साडेबारा सेकंदांत दहापट कमी होतात. दहापट घट बारा वेळा व्हायला हवी, असे धरले तर लागतात सुमारे अडीच मिनिटे. आणि ही अडीच मिनिटे डब्याच्या सर्वांत थंड बिंदूला मिळाली पाहिजेत. तिथवर उष्णता पोचायला लागणारा वेळ वेगळाच.

१२१ अंश साध्या पातेल्यात मिळत नाहीत. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. अकोले तालुक्यातल्याच कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटर उंचीवर, ते साधारण ९४.५ अंशांवरच उकळेल. म्हणून कारखान्यांत दाबाची भांडी लागतात, आपल्या प्रेशर कुकरची ती थोरली भावंडे.

पण निसर्गाने इथे एक सवलत ठेवली आहे. सामू, म्हणजेच पीएच, ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हा जंतू वाढतच नाही. आंबट पदार्थाला म्हणून उकळत्या पाण्याइतकी उष्णता पुरते. हापूसच्या रसाचा सामू साधारण ४च्या आसपास असतो, आणि गरज पडल्यास थोडे सायट्रिक आम्ल घालून तो खाली आणता येतो. गोड लागणारा आंबा रसायनशास्त्राच्या हिशेबाने आंबट ठरतो, आणि त्याच बळावर डब्यातून सुखरूप बाहेर येतो.

सुखरूप म्हणजे जसाच्या तसा नव्हे. उष्णतेने रस काळवंडवणारी विकरे निकामी होतात, त्यामुळे रंग राहतो. कॅरोटीन बरेचसे टिकते. क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. ज्या उडनशील द्रव्यांमुळे आंबा घरात आल्याचे दारातच कळते, त्यांतली काही उडून जातात आणि थोडा शिजका वास येतो. पंगतीतली दोन्ही मते अर्धी अर्धी खरी आहेत ती अशी: डोळ्यांना आणि जिभेला फारसा फरक कळत नाही, नाकाला कळतो.

इटलीच्या शेवया

आता शेवयांकडे वळू. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडे, पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. जूननंतर तिथे काही वाळवणे अवघड. म्हणून शेवया, कुरडया, पापड, सांडगे सगळे उन्हाळ्यातच उरकतात. वाळलेल्या शेवयांत पाणी इतके कमी उरते की जंतू वाढूच शकत नाहीत. डबा कोरडा असला म्हणजे झाले.

इटलीतही हेच. तिथला वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाचा असतो. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. १९६७च्या कायद्याने इटलीत ड्युरम गहू बंधनकारकच झाला.

मग हा पास्ता डब्यात का गेला? १८९७ मध्ये इटलीत जन्मलेला एत्तोरे बोयार्दी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात खाणावळ चालवी. गिऱ्हाइके त्याचा टोमॅटोचा रस्सा बाटल्यांत भरून घरी नेत. १९२८ मध्ये त्याने कारखाना काढला. त्याच्या सुरुवातीच्या खोक्यात रस्सा, किसलेले चीज आणि कोरडी स्पॅगेटी वेगवेगळी असत. स्पॅगेटी घरी उकडून घ्यायची. पुढे शिजवलेला पास्ता रश्श्यासकट डब्यात आला, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कारखान्याने सैन्यासाठी अन्न पुरवले.

पहिले खोके शहाणपणाचे होते. शिजलेला पास्ता रश्श्यात मिसळला की टोमॅटो असूनही मिश्रणाचा सामू बहुधा ४.६च्या वर जातो. म्हणजे १२१ अंशांची शिक्षा आली. त्यात स्टार्च फुगते, ग्लुटेनची जाळी सैल होते, आणि नंतर महिनोन्‌महिने पास्ता रश्श्यातच पडून राहतो. शेवयांची खीर दुसऱ्या दिवशी कशी लगदा होते ते आठवा. दाताखाली किंचित लागणे हाच ज्या पदार्थाचा गुण, तो गुणच डब्यात हरवतो. असा डबा सुरक्षित असतो, पोट भरतो, खंदकातल्या सैनिकाला तो वरदान होता. पण ज्याच्या घरी चूल आणि पाणी आहे, त्याने तो का घ्यावा, याचे उत्तर चव देत नाही.

यातून एक कसोटी मिळते. जो पदार्थ एरवी टिकतच नाही, त्याला डबा आयुष्य देतो. जो आधीच टिकतो, त्याच्याकडून डबा घेतोच जास्त.

कॅनिंगचा आंबा

ही कसोटी केवळ चवीची नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हंगाम संपत आला की ‘कॅनिंगचा आंबा’ हा शब्द कानी पडू लागतो. लहान, डागी, पडलेले, पेटीत न भरता येणारे फळ डझनावर नव्हे तर किलोवर कारखान्याला जाते. पाऊस तोंडावर असतो आणि बागायतदाराला थांबता येत नाही, म्हणून या दरावरून दरवर्षी कुरबूर होते. तरीही डबा नसता तर यातले पुष्कळ फळ मातीत गेले असते.

डबा घेणाऱ्यानेही मग लेबल वाचावे. नुसते ‘आंबा’ लिहिले असेल तर आत हापूस आहे असे धरू नये. भारतातला बराचसा रस दक्षिणेतल्या तोतापुरीचा असतो. साखर घातली आहे का, तेही पाहावे. फुगलेला किंवा गळका डबा चाखूनही पाहू नये, तो सरळ टाकावा.

वर्गात करून पाहू

सामू दाखवणाऱ्या कागदाने आमरस, टोमॅटोचा रस, शिजवलेल्या शेवयांचे पाणी आणि दूध तपासावे आणि ४.६च्या रेघेच्या दोन बाजूंना त्यांची यादी करावी. मूठभर कोरड्या शेवया आणि तितक्याच शिजवलेल्या शेवया दोन वाट्यांत ठेवून दोन दिवस निरीक्षण करावे. शिजवलेल्या मात्र चाखू नयेत. भाज्या किंवा कडधान्ये घरी हवाबंद करण्याचा प्रयोग वर्गात मुळीच करू नये. त्यातला धोका डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी मुलांना विचारावे: आपल्या घरातले कोणते पदार्थ वाळवून टिकतात, कोणते मीठ-साखर-आंबटाने, आणि कोणते कशानेच टिकत नाहीत? डब्याची खरी गरज कोणाला, हे तिसरी यादी सांगेल.