परतीच्या गाडीचा रविवार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच कथा-कादंबरीत आणि चित्रकलेत पॅरिसबाहेरची एका दिवसाची सहल इतक्या वेळा येते, की आपण तिच्याकडे एक ठरीव नेपथ्य म्हणून पाहू लागतो. सेन नदीचा काठ, वल्ह्यांच्या होड्या, झाडाखाली मांडलेले जेवण, गवती टोप्या घातलेले तरुण. वर्गात शिकवताना या साऱ्याला 'निसर्गाची ओढ' असे नाव देऊन आपण पुढे सरकतो. आम्हांला मात्र वाटते, की या सहलींचा खरा विषय निसर्ग नसून सुट्टी हा आहे. ती कोणाला, कोणाच्या मर्जीने आणि किती वाजेपर्यंत, हे विचारले नाही तर त्या काळच्या काही उत्तम कलाकृती अर्ध्याच वाचल्या जातात.

शहराबाहेर पडण्याचे पहिले कारण तर निव्वळ हिशेबी होते. पॅरिसमध्ये येणाऱ्या वाइनवर वेशीपाशी जकात बसे. ती चुकू नये म्हणून 1780च्या दशकात शहराभोवती खास भिंत बांधण्यात आली. साहजिकच भिंतीच्या पलीकडे स्वस्त वाइन, खाणे आणि नाच यांची ठिकाणे उभी राहिली. त्यांना 'गँगेत' म्हणत. मुंबई-पुण्याच्या वाचकाला जकातनाक्याचे अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज नसावी. 1 जानेवारी 1860 रोजी शहराची हद्द वाढली, तसा नाकाही बाहेर सरकला आणि त्याच्यामागोमाग गँगेतही सेन व मार्न नद्यांच्या काठाने दूर गेल्या. फ्रेंच चित्रांतील नदीकाठच्या उपाहारगृहांची वंशावळ अशी करचुकवेगिरीपर्यंत जाऊन पोहोचते.

दुसरे कारण रेल्वे. पॅरिसहून प्रवाशांसाठी निघालेली पहिली लोहमार्गाची गाडी ऑगस्ट 1837 मध्ये सें-जेर्मेंच्या टेकडीखालच्या ल पेक या गावी गेली. हे अंतर जेमतेम वीस किलोमीटरचे. राजधानीतून निघालेला पहिला रूळ दूरच्या एखाद्या व्यापारी शहराकडे न जाता फिरायला जाण्याच्या जागेकडे गेला, ही गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते. (आजची शहरी रेल्वेची 'ए' मार्गिका सें-जेर्मेंला जाते, शातू हे गाव याच वाटेवर लागते.) व्हर्सायला 1839 आणि 1840 मध्ये एकापाठोपाठ एक असे दोन मार्ग पोहोचले. त्यांपैकी दुसऱ्या मार्गावर 8 मे 1842 रोजी जे घडले, त्याने सहलीची दुसरी बाजू फार लवकर उघडी केली. तो रविवार होता. राजाच्या नामदिनानिमित्त व्हर्सायच्या बागेतील कारंजी सोडण्यात आली होती आणि ती पाहून माणसे परतत होती. म्यूदाँजवळ एंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. डब्यांची दारे बाहेरून कुलुपबंद होती. पन्नासहून अधिक माणसे गेली. दक्षिण ध्रुवप्रदेशाच्या सफरीतून सुखरूप परतलेला द्युमाँ द्युर्व्हिल हा दर्यावर्दी पत्नी व मुलासह त्यांत होता. सगळी पृथ्वी पालथी घातलेला माणूस अर्ध्या दिवसाच्या सहलीत संपला. कुलपे लावण्याची पद्धत यानंतर बंद झाली.

आता सुट्टीविषयी. 18 नोव्हेंबर 1814च्या कायद्याने फ्रान्समध्ये रविवारी काम करण्यावर बंधन घातले होते. त्याचा हेतू धार्मिक होता आणि पुढे तो फारसा पाळलाही जात नसे. कारागिरांचा वर्ग तर रविवारी राबून सोमवारी दांडी मारी. या सवयीला गमतीने 'संत सोमवार' म्हणत. 12 जुलै 1880 रोजी तिसऱ्या प्रजासत्ताकाने तो कायदा रद्द केला. धर्मसत्तेचा हात सैल करण्यासाठी उचललेल्या या पावलाचा परिणाम असा झाला, की आठवड्यातील एक दिवस विश्रांती मिळण्याचा कायदेशीर आधारच उरला नाही. तो परत मिळायला 13 जुलै 1906 उजाडावे लागले. म्हणजे ज्या सव्वीस वर्षांत नदीकाठचा रविवार चित्रांत आणि कथांत सर्वाधिक उजळला, त्या वर्षांत बहुतेक नोकरदारांना तो हक्काने मिळत नव्हता. मालकाने दिला तर मिळे.

मोपासाँची 'पार्ती द कांपाञ' ही कथा 1881 सालची. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने 'पॅरिसच्या एका बूर्ज्वाचे रविवार' ही लेखमाला वृत्तपत्रात लिहिली होती. तिचा नायक पातिसो हा सरकारी कारकून. प्रकृतीसाठी फिरा, असे डॉक्टरांनी सांगितले म्हणून तो दर रविवारी निसर्ग उरकायला निघतो. मोपासाँ स्वतः नौदल खात्यात आणि नंतर शिक्षण खात्यात कारकून होता आणि सुट्टी मिळाली की सेनवर वल्ही मारीत असे. त्यामुळे त्याच्या विनोदाला आतल्या माणसाची धार आहे. परंतु 'पार्ती द कांपाञ'मध्ये विनोदाच्या तळाशी काही वेगळेच आहे. लोखंडी सामानाचा दुकानदार द्युफूर पत्नीच्या नामदिनाला शहराबाहेर जेवायचे ठरवतो. या एका दिवसाची तयारी पाच महिने चाललेली असते. दूधवाल्याची गाडी मागून आणतात. घरची मंडळी बसतात आणि बरोबर दुकानातला पिवळ्या केसांचा नोकरही असतो. वाटेत आधी लागतात ती कारखान्यांची धुराडी आणि कुजका वास. मोपासाँ हे वगळत नाही, हे ध्यानात घ्यावे.

नदीवर द्युफूरची मुलगी आंरिएत एका तरुणाबरोबर होडीतून बेटावर जाते. तेथे जे घडते, त्यावर अनेकांनी लिहिले आहे. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती कथेतील दिवसांची मोजणी. दोन महिन्यांनी तो तरुण योगायोगाने द्युफूरच्या दुकानात शिरतो आणि मुलीचे लग्न त्या नोकराशीच झाल्याचे कळते. वारस असा घरातच सापडल्यामुळे दुकानाची सोय झाली. पुढच्या वर्षी एका उकाड्याच्या रविवारी तो बेटावर जातो, तेव्हा ती तेथेच बसलेली असते आणि शेजारी नवरा झोपलेला असतो. या बाईच्या वाट्याला आलेले आयुष्य कथेत दोनच दिवस दिसते आणि ते दोन्ही सुट्टीचे आहेत. मधल्या दिवसांविषयी लेखक बोलत नाही. ते दिवस दुकानाचे आहेत.

झोलाकडे वळले की वर्ग बदलतो. 'लासोम्वार'मध्ये (1877) धोबीण जेर्व्हेझच्या लग्नाची वरात सें-दनीच्या माळावर फिरायला जायचे ठरवते, पण वादळी पाऊस येतो आणि सगळी मंडळी लूव्हरमध्ये भटकत राहतात. त्या प्रसंगावर समीक्षक भरभरून लिहितात, परंतु हुकलेल्या सहलीचा उल्लेख क्वचितच होतो. 'ओ बॉनर दे दाम'मधील (1883) दनीझ ही विक्रेती मात्र एका रविवारी मैत्रिणीबरोबर मार्नकाठच्या ज्वँव्हीलला जाऊन येते. बास्तीयहून तिकडे जाणारा लोहमार्ग 1859 मध्ये सुरू झाला होता. मोठी विक्रीभांडारे रविवारी बंद ठेवण्याची रीत होती, म्हणून तिला हा दिवस मिळाला. पण दनीझ भांडाराच्याच छताखाली राहते. रात्री ठरलेल्या वेळेच्या आत परतायचे, ही अट त्या हिरव्या सावलीवर सबंध दुपारभर असते. झोला निसर्गवर्णनात कधी कधी हात सोडून लिहितो. येथे घड्याळाने त्याला आवरले आहे.

चित्रकारांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मोने 1871 ते 1878 या काळात आर्जांतॉयला राहिला आणि त्याने तेथील शिडाच्या होड्यांबरोबर रेल्वेचा पूलही रंगवला. त्याच वर्षांत पॅरिसच्या नव्या गटारयोजनेची मुख्य वाहिनी आस्न्येरपाशी, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या बाजूला, सेनमध्ये रिकामी होत होती. शहर सोडून आलेल्या सहलकऱ्यांच्या आधी शहराचे सांडपाणी तेथे पोहोचलेले असे. जॉर्ज स्यूराच्या ग्रांद-जात बेटाच्या चित्राच्या शीर्षकात रविवार आहे. त्याआधीच्या आस्न्येरच्या स्नानाच्या मोठ्या चित्रात (1884) पाठीमागे क्लिशीची धुराडी आहेत, काठावर साध्या कपड्यांतली माणसे आणि मुले आहेत आणि शीर्षकात वार नाही. ते सलोंने नाकारले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पण एक लंडनला आणि दुसरे शिकागोला आहे.

1906 च्या कायद्याने एक दिवस दिला. 20 जून 1936 च्या कायद्याने पगारी रजेचे दोन आठवडे दिले आणि ऑगस्टपासून त्या रजेच्या प्रवासासाठी रेल्वेच्या तिकिटात 40 टक्के सवलत मिळू लागली. नेमक्या त्याच उन्हाळ्यात चित्रकार रेन्वारचा मुलगा जाँ रेन्वार मोपासाँच्या या कथेवर चित्रपट काढीत होता. कथा त्याने 1860 मध्ये नेली, खाणावळीच्या मालकाचे काम स्वतः केले आणि सगळे चित्रण उन्हाच्या भरवशावर आखले. पाऊस थांबेना. पैसे आणि दिवस संपले, काम अर्धवट राहिले आणि चित्रपट 1946 मध्ये, तशाच अपुऱ्या स्थितीत, लोकांपुढे आला. मोपासाँच्या कथेत नसलेला तो पाऊस त्यात आहे. नदीच्या पाण्यावर तो सरी धरून पडतो आणि त्यानंतरचे दृश्य थेट काही वर्षांनंतरच्या रविवारचे आहे.