तेलविहिरींचे सिमेंटन : द्रवविस्थापनविषयक विचाराचा विकास

पिशोरच्या परिसरात भूपृष्ठावर दिसणारा काळा बेसॉल्ट अरबी समुद्रात गाळखडकांच्या जाड थरांखाली दडलेला आहे. त्या थरांतील चुनखडकातच फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या वेधनमंचावरील कामास यश येऊन मुंबई हायचे तेल सापडले. अशा विहिरीची सुरक्षितता पोलादी नळी व खडक यांमधील अरुंद वलयात भरलेल्या सिमेंटवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

सिमेंट आत ढकलणे हा येथील मुख्य प्रश्न नव्हे. तेथे आधीच असलेला वेधनचिखल पूर्णपणे बाहेर निघणे, हा होय. कॅलिफोर्नियात पर्किन्स यांनी १९१० च्या सुमारास नळीच्या आत दोन बुचे योजून सिमेंट व चिखल यांची सरमिसळ टाळली. वलयात मात्र बूच घालता येत नाही. तेथे एका द्रवानेच दुसऱ्यास हुसकावे लागते. १९४८ मध्ये हॉवर्ड व क्लार्क यांच्या प्रयोगांनी प्रवाह खळाळता ठेवण्याचे महत्त्व दाखविले.

तथापि केवळ वेगाने प्रश्न सुटत नव्हता. चिखल हा पाण्यासारखा द्रव नसून, त्यावरील ताण एका मर्यादेपलीकडे गेल्यावाचून तो हलत नाही. नळी मध्यभागी नसल्यास सिमेंट रुंद बाजूने वर चढते आणि अरुंद बाजूस चिखलाची पट्टी तशीच राहते. मॅक्लीन, मॅन्री व व्हिटेकर यांनी १९६७ मध्ये या विषमकेंद्री वलयाचा विचार केला. अशा रीतीने अभ्यासाचा भर वेगाकडून भूमितीकडेही वळला.

२००२ मध्ये बिटलस्टन, फर्ग्युसन व फ्रिगार्ड यांनी हे वलय जणू उलगडून सपाट फटीसारखे मानले. १८९८ च्या सुमारास हेल-शॉ यांनी दोन काचांमधील प्रवाहावर केलेल्या प्रयोगांशी या कल्पनेचे नाते आहे. फटीच्या जाडीतील वेगाची सरासरी घेतल्याने त्रिमितीय प्रश्न द्विमितीय झाला व गणित आटोक्यात आले. परंतु त्याच सरासरीमुळे भिंतींना चिकटून राहणारा चिखलाचा पातळ थर दृष्टीआड होतो.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील माकोंडो विहिरीचा स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. तळाचे सिमेंट तेलवायूंना रोखू शकले नव्हते. नळी मध्यभागी ठेवणारी २१ साधने वापरावीत, असे संगणकीय प्रतिमानाच्या आधारे सुचविण्यात आले होते. प्रत्यक्षात ६ वापरली गेली. सिमेंट निकामी होण्यास हेच कारण झाले, असे चौकशीत निश्चित झाले नाही. म्हणूनच या घटनेवरून प्रतिमान बरोबर होते असा निष्कर्ष काढणे युक्त नाही. मात्र प्रतिमानाने दिलेली सूचना, ते अपूर्ण आहे एवढ्याच सबबीवर बाजूस सारणेही समर्थनीय ठरत नाही.