चिठ्ठीत निघालेलं नाव

डिसेंबर अर्धा सरला की छत्रपती संभाजीनगरात वाळूज-शेंद्र्याच्या ऑफिसांत, कॉलेजच्या ग्रुपवर, चर्चच्या तरुण संघांत एकच खेळ सुरू होतो. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायची. ज्याचं नाव आपल्याला निघेल त्याला दोन-तीनशे रुपयांच्या आतलं काहीतरी द्यायचं, पण देणारा कोण हे कळू द्यायचं नाही. मग कुणाला विचित्र कार्टूनचा मग मिळतो, कुणाला प्लास्टिकचा कॅक्टस. हसून हसून पुरेवाट होते. या सीक्रेट सांतात धर्म कुठे आला?

तो नियमात आहे. देणाऱ्यानं लपून राहायचं, ही रीत फार जुनी. सांताच्या मुळाशी आहे चौथ्या शतकातला बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा. त्याची गाजलेली आख्यायिका मराठवाड्याला परकी वाटणार नाही. एका गरीब बापाला तीन मुली, आणि हुंड्याला पैसा नाही. निकोलस रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याची थैली टाकतो, तिघींसाठी तीनदा. तेच सोनं त्यानं दिवसाढवळ्या चारचौघांत दिलं असतं, तर लग्नं झाली असती, पण बापाची मान खाली गेली असती. डोंगरावरच्या प्रवचनात येशूही हेच सांगतो: दान असं करा, की आपल्याच दुसऱ्या हाताला त्याचा पत्ता लागू नये. आपल्याकडे याला गुप्तदान म्हणतात.

याच्या उलट आपला आहेर. वहीत नाव आणि रक्कम लिहिली जाते; पाचशे एक आले तर पुढच्या लग्नात पाचशे एक फेडायचे. सीक्रेट सांताला अशी वहीच नसते. कुणाचं फेडायचं हेच माहीत नसतं.

इथल्या ख्रिस्ती माणसासाठी ही नुसती गंमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीतर्फे रेव्हरंड रतनजी नवरोजी काम करत होते, जन्मानं पारशी. जालन्यात होते नारायण शेषाद्री, जन्मानं ब्राह्मण. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला होता. जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. या चर्चांमध्ये आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजांतले लोक. गावानं त्यांना टोमणा मारला: पोटासाठी बाटले. शाळा असो, दवाखाना असो, दुष्काळातलं धान्य असो, देणाऱ्याचं नाव ठळक होतं आणि घेणाऱ्यावर कायमचा संशय होता. घेणारा माणूस स्वतः विचार करून निर्णय घेऊ शकतो, हे कुणाला पटतच नव्हतं.

ही गाठ चर्चच्या आतही होती. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. मराठी ख्रिस्ती माणसानं परदेशी मिशनच्या छायेत न राहता स्वतःच्या पायावर उभं राहावं, ही त्यांची तळमळ होती.

म्हणून तो चिठ्ठ्यांचा डबा मला मोलाचा वाटतो. त्यात मॅनेजर आणि सिक्युरिटी गार्ड यांची नावं एकाच मापाच्या कागदावर असतात. प्रत्येक जण देणारा, प्रत्येक जण घेणारा. रकमेला मर्यादा असल्यानं कुणी कुणाला दिपवू शकत नाही. आणि नाव आपण निवडलेलं नसतं. ज्याच्याशी वर्षभर बोललो नाही, नेमका तोच निघतो. मग त्याला काय आवडतं, याचा दोन दिवस विचार करावा लागतो.

नाताळची मूळ गोष्टही अशीच आहे. मागी लोक सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येतात, हे आपल्याला पाठ असतं. पण ते घेणारा कोण? ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे साक्षात देव, तान्ह्या बाळाच्या रूपात. ज्याला गुंडाळायलाही दुसऱ्याचे हात लागतात. जो सगळ्यांना देतो, तोच इथे घेणाऱ्याच्या जागी येतो. मग घेण्यात कमीपणा कसला? पोटासाठी बाटले म्हणणाऱ्यांना हे कधी कळलं नाही.

पार्टी संपताना 'तुझा सांता मीच' असं सांगायचा मोह होतो. पुष्कळ ठिकाणी तशी पद्धतही आहे. यंदा नाही सांगितलं तरी चालेल.