ईसा आमचेही, त्यांचेही

रिठदला लहानपणी दादीच्या तोंडून आम्ही बीबी मरियमची हकीकत ऐकली. बापाविना जन्मलेले हजरत ईसा पाळण्यातच बोलले, हे सांगताना तिचा आवाज हळवा व्हायचा. पुढे वाशिमला शिकताना एका ख्रिस्ती मित्राने नाताळला घरी जेवायला बोलावले. त्याच्या आईने प्रार्थनेत ईसांना 'देवाचा पुत्र' म्हटले आणि आमचा घास हातातच राहिला. कोणी काही बोलले नाही. मैत्री टिकली, प्रश्नही टिकला.

हा प्रश्न जुना आहे. अकबराच्या बोलावण्यावरून रुडॉल्फ अक्वाविवा, मोन्सेरात आणि हेन्रिक्स हे तीन जेझुइट पाद्री नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून निघाले. १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला त्यांनी बायबलचे खंड नजर केले. बादशहाने ते अदबीने मस्तकी लावले. पण चर्चा सुरू झाली आणि वाद पेटला. कुमारी मातेचा पुत्र, मसीहा, चमत्कार करणारा, इथपर्यंत दोघांचे एकमत होते. पुढे वाटा फुटत. उलेमांच्या मते अल्लाहला पुत्र नाही, आणि ईसांना सुळी दिले गेलेच नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. पाद्र्यांचा सारा धर्म तर क्रूसावरच्या मरणावर आणि पुनरुत्थानावर उभा होता. आपापला ग्रंथ घेऊन आगीत उतरण्याची कसोटीही सुचवली गेली. अक्वाविवांनी ती नाकारली. ना बादशहा ख्रिस्ती झाला, ना पाद्री बदलले.

त्याच १५७९ साली थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. त्यांचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे हा वाद आणि मराठीतला येशू एकाच बंदरातून आले.

१५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेले. 'आईने अकबरी'त आमचे वाशिम 'बासीम सरकार' म्हणून नोंदले आहे. पुढे खानदेश-दख्खनच्या विजयानंतर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर लेख कोरला गेला. विजयाच्या त्या लेखात बादशहाने वचन घेतले ते हजरत ईसांचे: जग हा पूल आहे, ओलांडून जा, त्यावर घर बांधू नका. हे वचन चारही शुभवर्तमानांत नाही, मुस्लिम परंपरेने ते जपले आहे.

मतभेद खरे आहेत. ते पुसून टाकणे म्हणजे दोन्ही श्रद्धांचा अपमान. पण ज्याच्यावर वाद घालतो त्याच्यावर दोघांचेही प्रेम आहे, हे त्या दिवशी ताटावर बसून आम्हाला म्हणता आले असते. गप्प बसलो, ही चूक आमची.